तुझ्यासाठी काय करू? : नागपुरातील ख्रिस्ती मंडळ्यांसाठी सेवेचे मार्गदर्शन

यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय येशूला हाका मारत होता आणि भोवतालचे लोक त्याला गप्प बसवत होते. येशू थांबला, त्याला बोलावून घेतले आणि मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्यालाच विचारले. समोरचा मनुष्य आंधळा आहे हे उघड दिसत असताना या प्रश्नाची गरज काय होती, असे मार्ककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचताना पुष्कळांना वाटते. माझ्या मते ख्रिस्ती सेवेची सगळी रीत त्या एका प्रश्नात आहे. ज्याला सगळे गप्प करत होते त्याला आधी बोलण्याचा मान मिळाला आणि दृष्टी त्यानंतर मिळाली.

दया, सर्वांना सामावून घेणे आणि सेवा हे शब्द आपल्या उपदेशांत वारंवार येतात. पण सोमवारी सकाळी नेमके काय करावे, हे क्वचितच सांगितले जाते. ज्यांना आपली श्रद्धा रविवारच्या उपासनेपुरती ठेवायची नाही, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, अशा नागपुरातील कुटुंबांसाठी, तरुण संघांसाठी आणि महिला मंडळांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असो, कॅथलिक असो, मेथडिस्ट असो किंवा एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत जमणारी असो, पद्धतीत फारसा फरक पडत नाही.

घरातील कपबशीपासून

सेवेसाठी लांब जाण्याआधी स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर तो आजच उचलून सर्वांच्या कपांत मिसळावा, आणि त्या चहा घेतात तेव्हा त्यांना बसायला खुर्ची द्यावी. आठवड्याची हक्काची सुट्टी, आजारपणात पगार न कापणे, नाताळाआधी बोनस देणे आणि त्यांच्या मुलांची नावे ठाऊक असणे, इतक्या गोष्टी झाल्याशिवाय बाहेरच्या कोणत्याही उपक्रमात नाव नोंदवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा सर्वांत जवळच्या माणसापासून लागू होते आणि आपल्या घरात रोज दोन तास काम करणारी बाई नात्यातल्या अनेकांपेक्षा आपल्या अधिक जवळ असते.

हीच गोष्ट चौकीदाराची, कचरागाडीवरच्या कामगारांची आणि दारी सामान पोहोचवणाऱ्या मुलाची. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर चढून आलेल्या मुलाला थंड पाण्याचा पेला पुढे करायला योजना लागत नाही, बैठक लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही.

मंडळीत कोणाला जागा नाही, हे आधी पाहावे

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या दोन माणसांचे उदाहरण आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे राहायला किंवा पायांजवळ बसायला सांगितले जाते. आपल्या चर्चमध्ये असे उघडपणे कोणी करत नाही, हे खरे आहे. पण न बोलता होणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. नव्याने आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, याकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्रात आडनाव विचारण्यामागे बहुधा जात जाणून घेण्याची इच्छा असते आणि बाप्तिस्म्याने ती सवय आपोआप सुटत नाही. लग्नाचे जमवताना, पंच निवडताना आणि प्रीतिभोजनात पंगत बसताना ती पुन्हा डोके वर काढते. दारावर स्वागत करणाऱ्यांना एवढेच सांगून ठेवावे की, त्यांनी नाव विचारावे, आपले नाव सांगावे, पुस्तक हाती द्यावे आणि स्वतःशेजारी बसवून घ्यावे. आडनाव, मूळ गाव आणि आधीची मंडळी यांची चौकशी पाहुण्याने स्वतःहून विषय काढला तरच करावी.

यानंतर एका रविवारी दोन-तीन जणांनी बसून, जे मंडळीच्या यादीत आहेत पण उपासनेला दिसत नाहीत, अशांची नावे लिहून काढावीत. त्या यादीत साधारणपणे पायऱ्या चढू न शकणारे वृद्ध असतात. नवऱ्याने सोडलेल्या आणि घटस्फोटित स्त्रिया असतात. मुलीने दुसऱ्या धर्मात लग्न केल्यामुळे तोंड लपवणारे आईवडील असतात. उपासनेत आवाज करतो म्हणून ज्याच्याकडे माना वळतात अशा मतिमंद मुलाचे कुटुंब असते. आणि रविवारीच ज्यांची ड्युटी असते ते कामगार असतात. प्रत्येकाच्या घरी जाऊन, आपण का येत नाही असे न विचारता, आपल्याला येता यावे म्हणून आम्ही काय बदलावे, असे विचारावे. हे दोन प्रश्न कानाला जवळजवळ सारखे वाटतात. परंतु पहिल्यात जाब आहे आणि दुसऱ्यात जबाबदारी आपल्याकडे घेतलेली आहे.

उत्तरे बहुधा साधी आणि करण्याजोगी निघतात. दाराशी सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील, तर चाकाच्या खुर्चीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो, कारण एक इंच चढाला बारा इंच लांबी हे प्रमाण सुरक्षित मानले जाते. घाईने टाकलेली चार फुटांची फळी उपयोगाची नसते आणि धोक्याची मात्र असते. उताराला कठडा करावा आणि आतल्या एका बाकाची कड कापून खुर्चीला इतरांच्या ओळीतच जागा करावी, म्हणजे त्या माणसाला सर्वांच्या मागे एकटे बसावे लागणार नाही. आवाज करणाऱ्या मुलासाठी पाळकांनी उपासनेच्या सुरुवातीलाच, हे लेकरू आपल्या मंडळीचे आहे आणि त्याच्या आवाजासह आपण देवाची स्तुती करणार आहोत, असे एकदा स्पष्ट म्हटले की, वळणाऱ्या माना थांबतात. कोणी तृतीयपंथी व्यक्ती उपासनेस आली, तर तिने सांगितलेल्या नावानेच हाक मारावी आणि ती पुढच्या रविवारी येईल असे धरून वागावे.

भाषेचा मुद्दा नागपुरात विशेष आहे. येथे मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम बोलणारे ख्रिस्ती एकाच वस्तीत राहतात, आणि छत्तीसगड व झारखंडकडून कामासाठी आलेल्या आदिवासी मुलींपैकी पुष्कळ जणी ख्रिस्ती असतात. वर्षातून काही उपासनांत शास्त्रवाचन दोन भाषांत करावे आणि वाचायला त्या भाषेच्या माणसालाच उभे करावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, ती याच शहरात. पिढ्यान्‌पिढ्या वेगळे प्रभुभोजन घेणारे लोक येथे एका मेजावर आले, याची आठवण नागपूरकरांनी दर वर्षी ठेवावी, आणि आपल्या शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या मंडळीशी वर्षभर बोलणे नसेल तर त्या निमित्ताने ते सुरू करावे.

मेडिकल आणि मेयोच्या व्हरांड्यात

नागपुरात सेवा करू इच्छिणाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपले मेडिकल, आणि मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ही दोन ठिकाणे टाळता येणार नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि यवतमाळ, तसेच सीमेपलीकडच्या बालाघाट, शिवनी आणि छिंदवाडा येथून रोगी येथे आणले जातात, आणि त्यांच्याबरोबर आलेले एक-दोन नातेवाईक व्हरांड्यात सतरंजी टाकून दिवस काढतात. रोग्याकडे निदान डॉक्टर आणि सिस्टर पाहतात. नातेवाइकाकडे पाहणारे कोणी नसते.

भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ एकदा असेच भिंतीला टेकून बसलेले होते. उशाशी एक्स-रेची मोठी पिशवी, पायाशी स्टीलचा डबा आणि शेजारी बिस्किटांचे तीन न फोडलेले पुडे. सकाळपासून तीन वेगवेगळ्या गटांनी येऊन ते दिले होते. आमच्या सोबतच्या बाईंनी चौथा पुडा पिशवीतच ठेवला, खाली बसून घेतले आणि तुम्हाला काय लागते, असे विचारले. आधी ते, काही नाही लागत जी, असे म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की, दोन दिवसांपासून आंघोळ झालेली नाही, पोराच्या नळीवर लक्ष ठेवायचे असते, कोणी अर्धा तास त्याच्याजवळ बसले तर बरे होईल. बाई सिस्टरांना सांगून त्या पोराजवळ बसल्या. गृहस्थ आंघोळ करून, बंडी धुऊन, ती पिळतच परत आले, आणि मग त्यांनी पहिल्यांदाच आमच्याकडे पाहून आमची नावे विचारली.

रुग्णालयात जाणाऱ्यांनी या क्रमाने काम करावे. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी घ्यावी आणि कोणत्या वॉर्डात कोणत्या वेळी जाणे चालेल ते विचारावे. परस्पर वॉर्डात शिरू नये. दोघांनी मिळून जावे, त्यांतील एक स्त्री असावी, आणि एका फेरीत पाच-सहा कुटुंबांपेक्षा अधिक कुटुंबांना भेटण्याचा हट्ट धरू नये. समोरचा जमिनीवर बसला असेल तर आपणही जमिनीवर बसावे. आजाराची चौकशी करण्याआधी गाव विचारावे, कारण गावाबद्दल बोलताना माणूस मोकळा होतो. रोग्याच्या कागदांवर आपले मत देऊ नये, औषध सुचवू नये आणि दुसऱ्या डॉक्टरांचे नाव पुढे करू नये.

ज्या मदतीचा खरोखर उपयोग होतो ती बहुधा अशी असते. मोबाइल चार्ज करून आणणे. गावाकडे फोन लावून देणे. रक्त तपासणीची खिडकी कोणत्या मजल्यावर आहे ते दाखवायला सोबत चालणे. फॉर्म भरून देणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते आणि योजनेचे काम पाहणारे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात, ही साधी माहितीही अनेकांपर्यंत पोहोचलेली नसते. मध्य प्रदेशातून आलेल्या रोग्याकडे आयुष्मान कार्ड असेल, तर ते योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात राज्याबाहेरही चालते. त्याला आरोग्यमित्रांच्या टेबलापर्यंत नेऊन सोडणे हे शंभर बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा मोठे काम आहे. जेवण न्यायचे असेल तर आदल्या दिवशी विचारून न्यावे. उन्हाळ्यात सकाळी शिजवलेला वरणभात दुपारपर्यंत आंबण्याची भीती असते. त्या दिवसांत पोळी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून द्यावा. रोग्याला काय चालते ते सिस्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात घासही घालू नये.

रक्तदानाचा स्वतंत्र उल्लेख करायला हवा, कारण विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यापैकी, तसेच थॅलेसेमियाच्या मुलांपैकी, अनेकांना पुन्हा पुन्हा रक्त लागते. अठरा ते पासष्ट वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांनी दोन वेळांमध्ये तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकच मोठे शिबिर घेण्याऐवजी मंडळीतील रक्तदात्यांचे गट पाडून त्यांना वेगवेगळे महिने वाटून द्यावेत. मे-जूनमध्ये महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत आणि नेमका तेव्हाच तुटवडा पडतो.

गडचिरोलीकडून येणाऱ्या काही कुटुंबांना गोंडी किंवा माडिया या आदिवासी भाषाच नीट कळतात. १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शिक्षणकार्यासाठी आणि त्यांच्या नावाच्या महाविद्यालयामुळे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांनी गोंडांची भाषा, चालीरीती आणि त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची गाणी ऐकून टिपून घेतली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी ते लेखन प्रसिद्ध केले, हे कमी लोकांना माहीत असते. आज व्हरांड्यात बसलेल्या माडिया बाईशी बोलण्यासाठी गोंडी-माडिया जाणणारा एखादा विद्यार्थी शोधून त्याला बरोबर नेणे, ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

उन्हाळ्यातील पाणी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत तर दुपारी रस्ते ओस पडतात; ज्यांना घरात थांबणे परवडत नाही तेच तेवढे बाहेर असतात. चर्चच्या फाटकाशी पाणपोई लावणे चांगलेच आहे. पण फाटकाशी कोण येते ते आधी पाहावे. मजुरांचा ठिय्या, ऑटो स्टँड किंवा सावली नसलेला बसथांबा चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर पाणपोई तिकडे लावावी आणि जागेसाठी महापालिकेची परवानगी घ्यावी. माठ रोज सकाळी घासून भरावा, त्यावर झाकण आणि ओले कापड असावे, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे आणि पेला सर्वांसाठी एकच प्रकारचा ठेवावा. माठावर पाणी घालायला माणूस नसेल तर पाणपोई लावूच नये. कोरडा माठ पाहून माणूस अधिक दमतो.

पाणपोईवर बसणाऱ्याला उष्माघात ओळखता आला पाहिजे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध किंवा चालताना तोल जाणारा माणूस दिसला, तर त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. शुद्धीत असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. येथे चमचा म्हणजे चहाचा.

रस्त्यावर पडलेला माणूस

लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याने लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि परत येताना उरलेला खर्च भागवीन, असे सांगितले. आपण बहुधा त्याची कळवळ्याची भावना लक्षात ठेवतो आणि त्याने दिलेला वेळ, वाहन, रोख पैसे आणि परत येण्याचा शब्द विसरतो. वर्धा रोडवर किंवा रिंग रोडवर अपघात पाहून पुढे निघून जाण्यामागे पोलिसांच्या फेऱ्यांची भीती असते, म्हणून कायदा माहीत करून घ्यावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३४-अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने तातडीची मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून झालेल्या इजेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. तरुण संघाच्या एका सभेत एवढे कलम वाचून दाखवावे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावे.

प्रार्थना, पत्रके आणि अट

मदत करताना धर्मप्रसार करावा की नाही, या विषयावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, तरी माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. मदतीच्या हातात पत्रक असू नये. भुकेल्या, आजारी किंवा कर्जात बुडालेल्या माणसाला आपण काही देतो तेव्हा त्याला नाही म्हणणे कठीण असते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला किंमत राहत नाही. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले; त्याने सूर्यप्रकाशाला अट घातली नाही. समोरच्याने स्वतःहून प्रार्थना मागितली तर अवश्य करावी, हळू आवाजात आणि थोडक्यात करावी, आणि त्यात त्याच्या आजाराचे कारण त्याच्या पापात शोधू नये. तो आपल्या देवाचे नाव घेऊन आभार मानत असेल, तर ते आनंदाने ऐकावे. आपण कोण, असे त्याने विचारले तर ख्रिस्ती आहोत हे न लपवता सांगावे.

याच कारणासाठी इतरांनी सुरू केलेल्या कामात हात लावायला शिकावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक येतात आणि शहरातील अनेक संस्था त्यांच्या पाण्याची, जेवणाची आणि औषधांची सोय करतात. तेथे आपला वेगळा मंडप घालण्यापेक्षा आयोजकांना भेटून कशाची कमतरता आहे ते विचारावे. ताटे धुणे किंवा कचरा उचलणे एवढेच काम सांगितले गेले तरी ते घ्यावे. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेही त्या काळी नोकराचेच काम होते.

नेम, पैसा आणि छायाचित्रे

डिसेंबरात नागपूरच्या थंडीत प्रत्येक मंडळी ब्लँकेट वाटते आणि रेल्वे स्टेशनजवळच्या त्याच माणसांना तीन-तीन मिळतात. फेब्रुवारीपासून पुढे मात्र कोणी फिरकत नाही. सेवेचे वेळापत्रक नाताळाभोवती न बांधता महिन्याभोवती बांधावे. महिन्यातून एका शनिवारी चार माणसे नेमाने जातील, एवढेच ठरवावे आणि ते वर्षभर पाळावे. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात उपवासातून वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकण्याची जुनी रीत आहे; यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात सांगितलेला उपवास हाच आहे, की आपली भाकर भुकेल्याला वाटून द्यावी. त्या पैशांचा हिशेब दोन माणसांच्या सहीने ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी तो फलकावर लावावा.

मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. देणगीदार मागत असतील तर त्यांना हिशेब दाखवावा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात डाव्या हाताला कळू न देता दान करण्याची जी आज्ञा आहे, ती मोबाइल हातात आल्यामुळे रद्द झालेली नाही. मुलांसोबत काम करताना एका मुलाबरोबर एकटा प्रौढ कधीही बंद खोलीत असू नये, हा नियम पाळकांपासून स्वयंसेवकांपर्यंत सर्वांना सारखाच लावावा, आणि मूल अडचणीत असल्याचे दिसले तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

ज्यांची सेवा करतो त्यांच्या हाती कारभार

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतील एक तंटा नोंदवलेला आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी वाटपावर देखरेख ठेवायला सात जण नेमायला सांगितले, आणि मंडळीने निवडलेल्या त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाकडे वाटपाचा कारभार गेला असावा, असे दिसते. आपल्याकडे सेवा समितीत सुस्थितीतली माणसे असतात आणि घेणारे रांगेत असतात, हे बदलावे. ज्या विधवा बाईंना मंडळीकडून दरमहा किराणा मिळतो त्यांनाच समितीत घ्यावे, कारण तेल कोणत्या आठवड्यात संपते आणि मुलीच्या फीसाठी कोणाकडे हात पसरावा लागतो, हे त्यांना ठाऊक असते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्या मध्य प्रांतात स्वतः हिंडल्या आणि उपासमारीत सापडलेल्या स्त्रिया व मुलींना घेऊन गेल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विणकामापासून छापखान्यापर्यंतची कामे मुलींनीच शिकून चालवली. मदत मिळालेल्या हातांना काम देण्याचा हा धडा आपल्या प्रांताच्या इतिहासातच आहे.

समितीत आलेल्या अशा सदस्यांचे मत अडचणीचे वाटले तरी ऐकून घ्यावे. किराण्याऐवजी रोख द्या, वाटप चर्चच्या अंगणात सर्वांदेखत नको, घरी पोहोचवा, किंवा यंदा शिवणयंत्र नको, मुलाला मोटार चालवण्याचे प्रशिक्षण द्या, असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे एक वर्ष करून पाहावे आणि मग त्यांच्याबरोबर बसूनच त्यावर विचार करावा. घरभेटीच्या वहीत मदत घेणाऱ्या कुटुंबांबरोबर स्वयंसेवकांच्या कुटुंबांचीही नावे लिहावीत. एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी आजारपण आले की, व्हरांड्यात ज्यांना त्याने डबा नेला होता त्यांच्यापैकी शहरात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला कळवावे आणि त्यांनी आणलेला डबा त्याने संकोच न करता घ्यावा.